शांत वंश

सगळे हसले तेव्हा तीही हसली. हसण्यासारखंच होतं ते. डॉक्टरांनी मशीनमधून निघालेला कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बाई, तुमचं तर आपल्या शांत वंशातल्या डुकरांसारखं आलंय. आता तुमच्याही कानात बिल्ला अडकवायला हवा." गेल्या वर्षी मशीन आल्यापासून प्रयोगशाळेत ही पद्धत पडली होती. लाळ तपासायच्या रसायनांची नवी पेटी फोडली, की शहाण्णव वाट्यांच्या ट्रेमधल्या शेवटच्या दोन वाट्या माणसासाठी राखून ठेवायच्या. डुकराचा आकडा खरा की खोटा हे डुकराला विचारता येत नाही. म्हणून ज्याची पाळी असेल त्याने सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा कापसाचा बोळा चघळून द्यायचा. धडधाकट माणसाच्या अंगात हा ताणाचा हार्मोन सकाळी चढलेला असतो आणि दिवस कलला की उतरतो. उतार दिसला की पेटी चांगली. आकडे फळ्यावर लिहायचे आणि त्यावरून दोन दिवस ज्याची त्याची टर उडवायची, एवढीच त्या रुक्ष जागेतली मौज. तिचे आकडे होते सकाळी चौदा, संध्याकाळी तेरा. "पेटीच खराब असेल," ती म्हणाली. मग डॉक्टरांनी स्वतःची लाळ लावून पाहिली. सकाळी बारा, संध्याकाळी तीन. पेटी चांगली होती. वर्षभर तिने स्वतःची पाळी नेहमी कुणाच्या तरी गळ्यात मारली होती, या वेळी कुणी सापडलं नाही म्हणून स्वतःची दिली, आणि हे हात दाखवून अवलक्षण झालं. फळ्यावरचे आकडे दुपारी कुणाचं लक्ष नसताना तिने पुसले. पुसताना हात अजिबात कापला नाही, याचं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

शांत वंश हे तिचंच काम होतं. बारा वर्षांपूर्वी इथे लागली तेव्हा तिला मोजणीला बसवलं होतं. पिल्लू दहा दिवसांचं झालं की त्याला आईपासून उचलायचं, टेबलावरच्या गोणपाटावर उताणं ठेवायचं, एक हात छातीवर, दुसरा मागच्या पायांवर, आणि एक मिनिट तसंच धरून ठेवायचं. त्या मिनिटात पिल्लू सुटायला किती वेळा धडपडतं ते मोजायचं. काही पिल्लं सात-आठ वेळा उसळायची, अशी किंचाळायची की कानठळ्या बसाव्यात. काही पिल्लं एकदाही हलायची नाहीत. डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडून राहायची. तक्त्यात तिने पहिल्यांना 'भांडखोर' लिहिलं, दुसऱ्यांना 'शांत'. कुणी सांगितलं नव्हतं, शब्द तिचेच. मग शांत नर शांत मादीला दाखवायचा, त्यांच्या पिल्लांतली पुन्हा शांत तेवढी ठेवायची, असं करत नऊ पिढ्या गेल्या. पाहुणे यायचे, शेडमधून फिरायचे, आणि एकाही जनावराचा आवाज नाही हे पाहून थक्क व्हायचे. जनावरं सांभाळणारे मामा तेवढे कुरकुरायचे. त्यांना सगळे मामाच म्हणत, त्यांच्या पगाराच्या कागदावरचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. "बाई, ओरडतंय म्हणजे त्याच्या जिवात जीव आहे. ही गप्प पडणारी बघितली की मला भीती वाटते." ती म्हणायची, "मामा, तक्त्यात भीती लिहायला रकाना नाही." मामा हसायचे. तीही हसायची.

मग गेल्या वर्षी हे मशीन आलं आणि सगळं उलटं निघालं. भांडखोर पिल्लांचा हार्मोन मिनिटभरात भडकायचा आणि चाळीस मिनिटांत जिथल्या तिथे यायचा. शांत पिल्लांचा चढायचा आणि तिथेच राहायचा, दोन तासांनी बघा, संध्याकाळी बघा. डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. पाणी सगळ्यांच्याच नळाला येतं, प्रश्न नळ बंद होतो की नाही एवढाच आहे. बंद करायची चकती गुणसूत्रातून मिळते. कुणाला घट्ट मिळते, कुणाला झिजलेली. आपण नऊ पिढ्या झिजलेली चकती निवडून निवडून गोळा केली, कारण पाणी वाहतंय याचा आवाज येत नव्हता. गाडीत चढवताना शांत वंशातली डुकरं अधूनमधून मरायची. न ओरडता, उभी असलेली खाली बसायची आणि मरायची. त्याचाही मग उलगडा झाला. डॉक्टर चूक म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "फार महत्त्वाची गोष्ट हाती लागली, बाई." पण चूक तिची होती. जे हलत नाही ते शांत, असं तिने धरून चालायचं कारण काय? कारण तिला तसंच शिकवलं होतं. तिच्या आईने तिला, आणि आईला तिच्या आईने. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं आई म्हणायची, आणि भाजी चिरत राहायची, आणि बाहेरच्या खोलीत वडील कुणावर तरी गरजत असायचे, आणि आईच्या विळीचा आवाज एका क्षणासाठीही अडखळायचा नाही. ती त्या आवाजाला आधार समजायची.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा न्हाणीघराचं दार आतून बंद होतं. लेक आत होती. आठवड्यापूर्वी आली होती, "जरा विश्रांतीला" म्हणून. एक पिशवी, तीन कपडे. शनिवारी जावई न्यायला येणार होते. रोज संध्याकाळी लेक न्हाणीघरात जायची, कडी लावायची आणि पाऊण-पाऊण तास बाहेर यायची नाही. पाण्याचा आवाजही नसायचा. पहिले दोन दिवस तिने दार वाजवलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. तेव्हा लेक केस पुसत अगदी सहज म्हणाली, "आमच्याकडे न्हाणीघराला कडी नाही ना, म्हणून इथे बरं वाटतं." "कडी नाही म्हणजे?" "काढून टाकली त्यांनी. अडकायची म्हणे." आणि स्वयंपाकघरात जाऊन डब्यांची झाकणं पुसायला लागली. पुसलेलीच झाकणं. लग्नाआधी लेक त्याला 'तो' म्हणायची, दिवसातून दहादा म्हणायची, 'तो असा, तो तसा.' कोणत्या महिन्यात त्याचं 'ते' झालं हे आठवायचा ती प्रयत्न करत होती, आणि आठवत नव्हतं. फोन वाजला की लेक उभी राहायची. बसल्या जागेवरून फोन घेता येतो हे ती विसरूनच गेली होती. उभं राहून "हो, हो, जेवले, हो, झोपले होते" म्हणायची, आणि फोन ठेवल्यावरही थोडा वेळ उभीच राहायची. आठ दिवस हे डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि बारा वर्षं मोजणी करणाऱ्या बाईने ते मोजलं नव्हतं.

"हे चघळ जरा," तिने कुपीतला कापसाचा बोळा पुढे केला. "आमच्या मशीनला माणसाची लाळ लागते." लेकीने का म्हणून विचारलं नाही. बोळा तोंडात घेतला, आईने घड्याळ पाहून "पुरे" म्हणेपर्यंत चघळला, आणि कुपीत परत टाकला. दुसरी कुठलीही पोर असती तर म्हणाली असती, 'शी, हे काय!' निदान तोंड तरी वाकडं केलं असतं. ही लहानपणापासून अशीच. लस टोचायला नेली तेव्हा नर्स म्हणाली होती, "काय गुणी बाळ आहे हो! डोळ्यांत टिपूससुद्धा नाही." शेजारणी हेवा करायच्या. आमची कारटी घर डोक्यावर घेतात, आणि तुमची बघा, ठेवली तिथे बसते. तिला केवढा अभिमान होता. नवरा चिडला की दारात उभा राहायचा. हात उगारायचा नाही, कधीच नाही, फक्त खोलीच्या दारात दोन्ही हात चौकटीला टेकवून उभा राहायचा आणि बोलत राहायचा, तास-तास, बाहेर जाता येणार नाही असा. आत ती आणि पोर. ती मूग गिळून बसायची आणि पोर तिच्या मांडीवर, डोळे उघडे, छताकडे. ती मनात म्हणायची, देवाची कृपा, पोरीला काही कळत नाही. पोरीला काही होत नाही. नवरा जाऊन पाच वर्षं झाली, हृदय बंद पडून गेला, घरात आता कुणी दारात उभं राहत नाही. तरी रेडिओ लावायला अजून तिचा हात धजत नाही. कापूस टाकलेली कुपी फडक्यात गुंडाळून ती फ्रिजमध्ये ठेवताना तिला वाटलं, आकडा तीन येऊ दे. फक्त एवढंच. माझं जे झालं ते झालं, तिचा तीन येऊ दे.

आकडा सोळा आला. शुक्रवारी दुपारी तिने एक रिकामी वाटी चोरली, हो, चोरलीच, ट्रेच्या कोपऱ्यातली, आणि कागदावर सोळा उमटलं. संध्याकाळच्या लाळेचा सोळा. तिच्यापेक्षाही वर. ती कागद घेऊन तशीच डॉक्टरांच्या टेबलापाशी गेली. डॉक्टर तिच्याहून दहा वर्षांनी लहान, भला माणूस, जेवणाचा डबा उघडून बसला होता. "डॉक्टर, पिल्लाला हे आईकडून येतं की बापाकडून?" "दोघांकडून," ते घास घेत म्हणाले. "शिवाय पोटात असताना आईची काय अवस्था होती, त्याचाही वाटा असतो. का हो?" "असंच. मग एकदा झिजलेली चकती आली की आली?" डॉक्टरांनी घास खाली ठेवला. त्यांना वाटलं बाईंना आपल्या कामाचं दुःख आहे, आणि ते खोटंही नव्हतं. "चकती बदलत नाही, बाई. पण जागा बदलली की फरक पडतो. त्या आपण मागच्या आवारात सोडल्या ना सहा माद्या, अरुंद खोड्यातून काढून, पेंढ्यावर, मोकळ्यात? त्यांचा उतरला. लगेच नाही. पहिले आठ-दहा दिवस काहीच नाही, आपण आशाच सोडली होती. महिना लागला." "महिना," ती म्हणाली. "साधारण. पण मध्ये परत खोड्यात घातल्या असत्या तर सगळं मुसळ केरात." डॉक्टर पुन्हा जेवायला लागले. तिने हातांच्या बोटांवर हिशेब केला. आज आठवा दिवस होता.

बसमधून घरी येताना ती वाक्यं जुळवत होती. 'राहू दे तिला महिनाभर.' साधं वाक्य. 'माझी तब्येत बरी नसते, सोबत हवी.' हे अधिक बरं, कुणाला लागणार नाही. मग तिचं तिलाच हसू आलं. वाक्यसुद्धा ती अशीच शोधत होती, कुणाला आवाज जाणार नाही असं. सगळा जन्म तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि वर त्याला समजूतदारपणा म्हटलं. तिला आईची आठवण झाली. आई गेली तेव्हा अंगावर उठलेली गाठ मुठीएवढी झाली होती आणि कुणालाही माहीत नव्हती. सगळे म्हणाले, शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही हो, किती शांत बाई. तीही म्हणाली होती. एकापाठोपाठ एक तीन बायका, शांत, शांत, शांत. निवड कुणी केली होती ह्यांची? ती ज्या स्थळाला आवडली ते तिच्या सोशिकपणाला भुललं होतं. "मुलगी गरीब गाय आहे," सासूने बघायला आल्यावर मान डोलावत म्हटलं होतं. आणि लेकीच्या लग्नाच्या बैठकीत तिने स्वतःच्या तोंडाने, हसत हसत, जावयाच्या आईला सांगितलं होतं, "एक शब्द उलट बोलणार नाही. लिहून देते." बसच्या खांबाला धरलेला हात घामाने निसटला. तिचा थांबा मागे गेला होता. उतरून ती दोन थांबे मागे चालत आली.

लेक तांदूळ निवडत होती. तिने कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, नळ, चकती, उतार, सोळा. सांगताना पहिल्यांदाच तिचा आवाज चिरकला. लेकीने कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि साखरेच्या डब्याखाली सरकवला. "पेटीच खराब असेल," ती म्हणाली. "पेटी चांगली आहे गं." "आई, मी काय डुक्कर आहे का?" दोघी हसल्या. हसण्यासारखंच होतं. मग ती म्हणाली, "राहा ना महिनाभर." "कशाला? मी ठीक आहे." "ठीक नाहीस तू." "त्यांनी मला कधी हातसुद्धा लावलेला नाही, आई." "तुझ्या बाबांनीही मला लावला नव्हता." हे वाक्य कुठून आलं तिला कळलं नाही. ते खोलीत नुसतं पडून राहिलं. लेकीची बोटं तांदळात थांबली. तिने मान वर केली आणि आईकडे असं पाहिलं की क्षणभर वाटलं, आता ही बोलेल, आता ही फुटेल, घर डोक्यावर घेईल एकदाचं. लेक म्हणाली, "एवढं काही नव्हतं तुझं." आणि एक खडा उचलून बाजूला ठेवला. एवढं काही नव्हतं! अंगाची लाही लाही झाली तिच्या. ओरडावंसं वाटलं, की होतं, एवढंच होतं, तुझ्या जन्माआधीपासून होतं. तिने उठून कुकर लावला.

शनिवारी दुपारी चारला जावई आले. चार म्हणजे चार, घड्याळ लावून घ्यावं. फळं आणली होती, तीही उत्तम निवडून. वाकून विचारपूस केली, "आई, पाय कसे आहेत तुमचे? जिना चढणं कमी करा." वाईट म्हणावं असं बोट ठेवायला जागा नाही. हेच तर. ते बैठकीच्या खोलीत खुर्ची जराशी सरकवून बसले, चहाला नको म्हणाले, "उशीर होईल. तू तयार आहेस ना?" लेक आतल्या दारापाशी उभी होती, पिशवी भरलेली. आठ दिवसांत तिच्या गालांवर किंचित रंग आला होता, तो आईच्या देखत उतरला. नाही, असं काही दिसत नसतं, असा काही रंगबिंग उतरत नाही, पण तिला दिसलं. तिच्या अंगाचं प्रत्येक हाड म्हणत होतं, हलू नकोस, मिनिटभराचा प्रश्न आहे, पडून राहा, संपेल. आणि तेव्हा तिने ते म्हटलं. तिला स्वतःला ते मागून, दुसऱ्या कुणीतरी म्हटल्यासारखं ऐकू आलं.

"ती येणार नाही."

जावयांनी वर पाहिलं. चिडले नाहीत. थोडे हसले, जसं लहान मुलाने मोठा शब्द वापरला की आपण हसतो. "काय झालं?" "महिनाभर इथेच राहील. तिला बरं नाही." "तुला बरं नाही?" त्यांनी लेकीला विचारलं, आवाज मऊ, काळजीचा. उत्तरासाठी थांबले. पाठ खुर्चीला टेकवली, बोटं एकमेकांत गुंतवली आणि थांबले. त्यांना दुसरं काही करावंच लागत नाही, हे तिच्या त्या क्षणी ध्यानात आलं. ओरडावं लागत नाही, दारात उभं राहावं लागत नाही. नुसतं थांबायचं. ती लेकीकडे बघत होती, सगळा जीव डोळ्यांत आणून बघत होती, की एक शब्द बोल, कसलाही, शिवी दे, रड, मला शिवी दे, पण बोल. उरलेलं मी बघते. मी धरून ठेवते तुला इथे.

"आई थकलीये हो," लेक म्हणाली. नवऱ्याकडे बघून, हसून, माफी मागितल्यासारखं. "ऑफिसात काम फार आहे सध्या. चला." आणि पिशवी उचलली.

"बरं," जावई उठले. "काळजी घ्या, आई." ते दाराबाहेर जाऊन जिन्यापाशी उभे राहिले, पाठमोरे, किल्ली बोटाभोवती फिरवत. लेक चपला घालायला उंबऱ्याशी वाकली. पट्ट्याच्या चपला. ती पट्टा ओढत होती आणि तो बक्कलमध्ये जात नव्हता. पुन्हा ओढला, पुन्हा निसटला. चेहरा शांत, ओठांवर मघाचंच हसू. बाहेरून किल्लीचा आवाज थांबला. आईला सगळं लख्ख दिसत होतं. दार लावायचं. दार हाताच्या अंतरावर होतं, लेक अजून आत होती, नुसतं ढकललं तरी लागलं असतं. तिचा हात दाराकडे गेला नाही. ती झटकन खाली बसली, लेकीचा पाय मांडीवर घेतला, पट्टा बक्कलमधून ओढून घेतला, ढिला राहू नये म्हणून एक भोक पुढचं घेतलं, दुसऱ्या पायाचाही लावून दिला, आणि म्हणाली, "सांभाळून उतर गं. त्यांना ताटकळत ठेवू नकोस."